पार्श्वभूमी: साताऱ्यात इतिहासवाले आणि वंशावळवाले यांचं का पटत नाही

सातारा जिल्ह्यात जुन्या कागदांवर हौसेनं काम करणारी माणसं दोन गोटांत वाटली गेली आहेत. एक गोट गड, वीरगळ, शिलालेख आणि मोडी दप्तरं यांच्या मागे. दुसरा घराण्यांच्या शाखा, मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि सोयरिकी यांच्या मागे. दोघांना रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, मात्र एकच लागतो, आणि भांडण तिथंच आहे. पहिल्यांचं म्हणणं, वंशावळवाले कागदातलं आपल्या सोयीचं नाव तेवढं उचलतात. दुसऱ्यांचं म्हणणं, इतिहासवाले आमच्या माळ्यावरचे कागद नेतात, छापतात आणि घराण्याचं नाव तळटीपेतही घालत नाहीत. मंडळांची नावं इथं मुद्दाम घेत नाही. ती बदलत राहतात, फुटतात, पुन्हा एक होतात.

छत्रपती थोरल्या शाहूंच्या काळात साताऱ्याच्या दरबारात वतनाच्या तंट्यांची रीघ असे. पाटीलकी कोणाची, वडीलकी कोणत्या भावाकडे, होळीला पहिली पोळी कोणाची, शिरपाव आधी कोणी घ्यायचा. अशा तंट्यात दोन्ही पक्षांनी आपापला करीना, म्हणजे आपल्या बाजूची हकिकत, लिहून द्यायचा. त्याची ठेवण ठरलेली असते: आपला मूळ पुरुष अमुक, त्यास पुत्र दोन, वडील अमुक, धाकटा अमुक, वडिलाचा वंश आम्ही. मग गोत बसे, आसपासच्या गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्ष देत आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. प्रकरण फारच चिघळलं तर तापलेल्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हातानं काढायचं दिव्य. हरलेल्याला यजितखत लिहून द्यावं लागे, म्हणजे आपण खोटे ठरलो हे स्वतःच्याच सहीनिशी मान्य करायचं. आज इतिहासवाले ज्याला अस्सल साधन म्हणतात, तो करीना म्हणजे दावा जिंकण्यासाठी एका पक्षकारानं मांडलेली वंशावळच असते. हरलेल्याच्या घरात दुसरा करीना असतो आणि त्यातला मूळ पुरुष निराळा असतो. तेव्हा वंशावळ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी आपली साधनं कशातून आली हे एकदा पाहावं.

दोन्ही गोटांचं सगळ्यात जास्त कशावरून बिनसत असेल तर दत्तकावरून. आणि त्यातही साताऱ्याच्या गादीच्या वंशाच्या तक्त्यावरून. शाहू डिसेंबर 1749 मध्ये वारले. पोटी मुलगा नाही. त्यांच्या चुलती ताराबाईंनी आधीच सांगितलं होतं की आपला नातू गुप्तपणे वाढवलेला आहे. तो रामराजा 1750 च्या जानेवारीत गादीवर बसला. वर्ष सरायच्या आत ताराबाईंनीच त्याला अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलं आणि हा आपला नातू नव्हे, असं जाहीर केलं. 1752 मध्ये जेजुरीला पेशव्यांशी समेट करताना तेच शपथेवर सांगितलं. जिच्या शब्दावर वंश ठरला, तिनंच तो शब्द देवासमोर फिरवला. पेशवे मात्र रामराजाला छत्रपती मानत राहिले आणि शिक्का त्याच्याच नावाचा चालला. तो 1777 मध्ये वारला. त्याआधी त्यानं वावीकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, तेच धाकटे शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह आणि शहाजी ऊर्फ आप्पासाहेब.

आता तक्ता कसा काढायचा? इतिहासवाले शाहू आणि रामराजा यांच्यामध्ये तुटक रेघ काढतात, रामराजाच्या वर प्रश्नचिन्ह ठेवतात आणि धाकट्या शाहूंपुढे कंसात ‘वावी’ लिहितात. वंशावळवाल्यांना हे बिलकूल मान्य नाही. गादीवर बसला, अभिषेक झाला, पुढच्यांनी त्याचं श्राद्ध केलं, की रेघ सरळ. दत्तविधान झालं की मुलगा जन्मघरातून उठला, मग वावीचा काय संबंध? ताराबाईंची शपथ ते राजकारणात काढतात. नानासाहेब पेशव्यांच्या हातातून सत्ता काढून घेण्यासाठी बाई काहीही बोलल्या असत्या, असं अनेक अभ्यासकांनाही वाटतं. पण इतिहासवाल्यांचा उलटा सवाल असतो: शपथ राजकारण असेल, तर आधीची कबुली राजकारण नव्हती कशावरून?

माझं मत विचाराल तर दत्तकाच्या बाबतीत वंशावळवाल्यांची बाजू भक्कम आहे, रामराजाच्या बाबतीत इतिहासवाल्यांची. दत्तक हा लपवायचा प्रकार नव्हता. गोत जमवून, होम करून, दत्तपत्र लिहून तो होई. त्याला तुटक रेघ काढणं म्हणजे आजचं डोकं त्या काळावर लादणं. आणि साताऱ्यात तरी या रेघेचा फार जपून विचार व्हायला हवा, कारण याच रेघेवरून राज्य गेलं. एप्रिल 1848 मध्ये आप्पासाहेब वारले, मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं तो वारस मानला नाही आणि सातारा खालसा केलं. दत्तकाला तुटक रेघ काढणारा पहिला माणूस गव्हर्नर जनरल होता, हा टोमणा मी एका व्याख्यानानंतरच्या वादावादीत ऐकला आहे. टोमणा जिव्हारी लागणारा आहे, पण अगदीच चूक नाही.

दोन्ही तक्त्यांत बायका कुठं असतात हा प्रश्न मात्र कोणीच काढत नाही. ताराबाई आहेत, कारण त्यांना वगळताच येत नाही. बाकी बहुतेक घराण्यांच्या तक्त्यात लेकी नाहीत आणि सुनांचं माहेरही नाही.

कागद जिल्ह्याबाहेर गेल्याचं दुःख दोघांना सारखंच आहे, दोष मात्र ते एकमेकांना देतात. कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ 1818 ते 1822 साताऱ्यात होता. प्रतापसिंहांच्या मदतीनं त्यानं कागद पाहिले आणि 1826 मध्ये त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास लंडनहून निघाला. पुढं इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये आला, तो वाईत सापडलेल्या कागदांवर. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून लेखसंग्रह काढत होते. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी नाना फडणीसांचं मेणवलीचं दप्तर मिळवलं, चित्रं, नकाशे, फर्मानं जमवली आणि 1925 मध्ये त्यांचं संग्रहालय साताऱ्यात उभं राहिलं. पुढच्याच वर्षी ते गेले. 1939 मध्ये सरकारनं तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. तिथं त्याची निगा राहिली हे खरं. पण साताऱ्याच्या माणसाला मेणवलीचा कागद बघायला पुणं गाठावं लागतं आणि वाई तर मेणवलीच्या शेजारीच आहे. तेव्हापासून घराण्यांची माणसं कागद देताना हात आखडतात. ‘नेला तो परत आला नाही’ हे वाक्य कोरेगाव, खटाव, वाळवा, कुठंही ऐकायला मिळतं.

या सगळ्यात हेळवी कोणाच्याच हिशेबात नाही. सुगी झाली की बैल घेऊन तो गावात येतो, वाड्याच्या सोप्यात बसतो, बाड उघडतो आणि घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं एका सुरात वाचत जातो. मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं घालतो. धान्य, पैसे, कधी एखादं भांडं घेऊन पुढच्या घरी जातो. बिदागी ठरल्याशिवाय बाड उघडत नाही. इतिहासवाले त्याला ऐकीव माहिती म्हणून बाजूला ठेवतात, वंशावळवाले त्याच्याकडून उतरवून घेतात आणि खाली स्वतःचं नाव घालतात.

1950 च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटलांची. वंशावळीचं कचेरीतलं वजन उतरलं आणि ती निवृत्त माणसांच्या छंदाची गोष्ट झाली. स्मरणिका, कुलवृत्तांत, कुलसंमेलनं हा सगळा त्या काळाचा पसारा. इतिहासवाल्यांना तेव्हा या लोकांचा त्रास नव्हता, फार तर हसू येई.

सप्टेंबर 2023 मध्ये मराठ्यांच्या आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, पुढं तिचं काम राज्यभर वाढवलं, आणि चित्र पालटलं. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, मोडीत ‘कु’ एवढंच अक्षर. ते सापडणं निम्मं काम. नोंदीतला माणूस अर्जदाराचा पणजाच, हे दाखवायला वंशावळ लागते, आणि एका गावात एकाच काळात तीन ‘रामा बिन बाळा’, म्हणजे बाळाचे मुलगे रामा, सहज निघतात. मग फेरफाराच्या वारसनोंदी, शाळेचा जुना दाखला, जुळवाजुळव. हे काम वंशावळवाल्यांना येत होतं, मोडी वाचणं इतिहासवाल्यांना. तहसीलच्या अभिलेख कक्षात दोघं एकाच टेबलाशी आले.

त्यातच सातारा गॅझेटियर. 1885 च्या या खंडात आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही आहेत, कारण दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये आणि त्याचं सांगली नाव पडलं 1960 मध्ये. 2025 च्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनात हैदराबाद गॅझेटबरोबर साताऱ्याचाही आग्रह धरला गेला. त्यात जातींचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. त्यामुळं पान दाखवून कोणाचा पणजा सापडत नाही, हे इतिहासवाले उजळणीसारखं सांगत असतात. वंशावळवाले म्हणतात, आकडे पुरेत, नावं आम्ही आणू. या वादाला राजकारणाची फोडणी बसल्यावर काही जुनी मैत्रं तुटली.

आता मोडीच्या वर्गांना गर्दी असते. बरेच जण पहिल्याच दिवशी घरचा कागद पिशवीतून काढतात, बाराखडी नंतर. इतिहासवाल्यांना वाटतं, या कागदांचे फोटो काढून सगळ्यांना खुले करावेत, म्हणजे पुन्हा 1939 होणार नाही. वंशावळवाल्यांना तक्ता छापलेला चालतो, कागद उघडा केलेला चालत नाही. कागदाच्या धन्याची अडचण त्याहून साधी आहे. त्याच कागदात तीन तक्षिमांचा, म्हणजे घराण्याच्या तीन वाटण्यांचा, हिस्सा लिहिलेला असतो, आणि भाऊबंदांचा वाटपाचा दावा अजून कोर्टात चालू असतो.