कर्करोगनाशक विषाणू आणि नियोजित पेशीमृत्यू

कर्करोगाच्या पेशींमध्ये वाढून त्यांचा नाश करणाऱ्या, परंतु निरोगी पेशींना तुलनेने कमी इजा पोहोचवणाऱ्या विषाणूंना कर्करोगनाशक विषाणू म्हणतात. काही विषाणू हा नाश नियोजित पेशीमृत्यूच्या मार्गाने घडवतात. या मृत्यूत कॅस्पेज नावाची विकरे (एन्झाइम) पेशीतील प्रथिने तोडतात, केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात आणि पेशीचे पटलबद्ध अवशेष शेजारच्या पेशी गिळून टाकतात. केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये या प्रक्रियेला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. झाडाची पाने गळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे.

संसर्ग झालेली पेशी लवकर मेली की विषाणूची वाढ खुंटते. त्यामुळे अनेक विषाणूंच्या जनुकसंचात हा मृत्यू लांबवणारी जनुके असतात. कर्कपेशीनेही स्वतःच्या मृत्यूची यंत्रणा बऱ्याच अंशी आधीच निकामी केलेली असते. तेव्हा असे एखादे जनुक काढून टाकलेला विषाणू निरोगी पेशीत वाढू शकणार नाही, कर्कपेशीत मात्र वाढेल, हा तर्क या क्षेत्रातील पुष्कळ संशोधनाच्या मुळाशी आहे.

त्याचे सर्वांत गाजलेले आणि सर्वाधिक वादग्रस्त उदाहरण म्हणजे ओनिक्स-०१५ हा ॲडेनोविषाणू. ॲडेनोविषाणूचे ई१ए प्रथिन पेशीला डीएनएची प्रत काढण्याच्या अवस्थेत ढकलते. त्यामुळे पेशीतील पी५३ हे अर्बुदरोधक, म्हणजे कर्करोगाची गाठ रोखणारे, प्रथिन साचू लागते आणि मृत्यूचा धोका उद्भवतो. विषाणूचे ई१बी-५५के हे प्रथिन पी५३ ला निष्प्रभ करून तो टाळते. ओनिक्स-०१५ मध्ये हे प्रथिन नसल्याने तो पी५३ गमावलेल्या पेशींतच वाढेल, असे १९९६ मध्ये मांडले गेले. मात्र पी५३ शाबूत असलेल्या काही कर्कपेशींतही तो वाढत असल्याचे पुढे आढळले. विषाणूच्या वाढीच्या उत्तरार्धात तयार होणारे त्याचे आरएनए केंद्रकाबाहेर नेणे हेही ई१बी-५५केचे काम असून काही कर्कपेशी ते काम त्याच्याविना पार पाडतात, आणि निवडकपणाचे खरे कारण हेच आहे, असे प्रतिपादन २००४ मध्ये करण्यात आले. उपलब्ध पुराव्याशी हे दुसरे स्पष्टीकरण अधिक जुळते. शिवाय ॲडेनोविषाणूने मारलेल्या पेशींचा मृत्यू ॲपॉप्टोसिसच्या ठरलेल्या चौकटीत नेहमी बसत नाही. पेशीचे स्वभक्षण व थेट विघटन यांचाही त्यात वाटा दिसतो. म्हणून निवडकपणा आणि मृत्यूचा प्रकार या दोन प्रश्नांची गल्लत करू नये.

कोंबड्यांमध्ये रक्तक्षय घडवणाऱ्या विषाणूचे ॲपॉप्टिन हे १२१ अमिनो आम्लांचे प्रथिन मृत्यूच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. अनेक प्रकारच्या कर्कपेशींत ते केंद्रकात जमा होते आणि पी५३ च्या मदतीविना मृत्यू घडवते. सामान्य पेशींत ते मुख्यतः पेशीद्रवात राहते. कर्कपेशींत त्याच्या १०८ व्या स्थानावरील थ्रिओनिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट गट जोडला जातो, आणि निवडकपणाचा संबंध या बदलाशी लावला जातो. तथापि केवळ केंद्रकात पोहोचणे मृत्यूस पुरेसे नसावे, असे काही प्रयोगांवरून दिसते.

ॲडेनो-सहचर विषाणूच्या बाबतीत तर विषाणूच्या प्रथिनाचीही गरज नसल्याचे २००१ मधील संशोधन सांगते. त्याच्या एकपदरी डीएनएची टोके केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडलेली असतात आणि पेशी त्यांना स्वतःच्या डीएनएला झालेली इजा समजते. पी५३ असलेली पेशी विभाजन थांबवून तग धरते. पी५३ नसलेली पेशी मरते. येथे पी५३ च्या अभावाचा निवडकपणाशी थेट संबंध दिसतो.

विषाणूमुळे मरणाऱ्या पेशीतून बाहेर पडणारी अर्बुदाची प्रथिने आणि धोक्याचे संकेत प्रतिकारसंस्थेला जागे करतात. त्यामुळे विषाणू न पोहोचलेल्या कर्कपेशींवरही हल्ला होऊ शकतो.

ओनिक्स-०१५ शी साधर्म्य असलेल्या एच१०१ या विषाणूला चीनमध्ये २००५ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१५ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी आणि जपानमध्ये २०२१ मध्ये ग्लायोमा या मेंदूतील घातक गाठीसाठी, सशर्त स्वरूपात, बदल केलेल्या हर्पीस विषाणूंना मान्यता देण्यात आली.