बटवड्याचे दिवस आणि पोहोचण्याची मुदत: टपालातली काटकसर नेमकी कुठे होते?

टपालाचा बटवडा कमी करून पैसे वाचवावेत का, या वादात दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते. पोस्टमन आठवड्यातून किती दिवस दारात येणार, ही एक. पेटीत टाकलेलं पत्र किती दिवसांत पोहोचवण्याचं बंधन टपालसेवेवर असणार, ही दुसरी. पहिलीला बटवड्याचे दिवस म्हणू आणि दुसरीला पोहोचण्याची मुदत. दोन्हींत 'दिवस' हाच शब्द येतो आणि दोन्हींचा शेवट 'पत्र उशिरा आलं' असाच दिसतो, म्हणून बातम्यांतही त्यांना एकाच मापानं मोजलं जातं. प्रत्यक्षात पैसे वाचतात ते वेगळ्या ठिकाणी आणि झळ बसते ती वेगळ्या माणसांना.

जर्मनी आणि ब्रिटन शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. जर्मनीत पूर्वी ८० टक्के पत्रं लगेच पुढच्या कामाच्या दिवशी पोहोचवण्याचं बंधन होतं. टपाल कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२५ पासून ते बंधन ९५ टक्के पत्रं पेटीत टाकल्यानंतरच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत, असं झालं. बटवडा मात्र सोमवार ते शनिवार, सहाही दिवस कायम राहिला. ब्रिटनमध्ये नियामक संस्था ऑफकॉमनं २८ जुलै २०२५ पासून सेकंड क्लास (स्वस्त, कमी तातडीच्या) पत्रांचा बटवडा सोमवार ते शुक्रवारात एकाआड एक दिवस करायला परवानगी दिली आणि या पत्रांसाठीचा शनिवार काढून टाकला. तरी सेकंड क्लास पत्र तीन कामाच्या दिवसांत पोहोचवायचं, ही मुदत तीच ठेवली. जर्मनीनं मुदत सैल केली आणि दिवस राखले, ब्रिटननं दिवस कमी केले आणि मुदत राखली. 'टपाल कमी केलं' हे वाक्य मात्र दोघांनाही लावता येतं.

काटकसरीची वेळ का आली, ते सगळ्यांना साधारण माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ब्रिटनमध्ये २००४-०५ साली वर्षाला सुमारे २० अब्ज पत्रं जात. आता तो आकडा ७ अब्जांच्या खाली आहे. अमेरिकेत फर्स्ट क्लास टपालानं, म्हणजे नेहमीच्या पत्रांनी, २००१ साली १०३ अब्जांचा टप्पा ओलांडला होता, त्याचं आज निम्मंही उरलेलं नाही. त्याच वेळी पत्ते मात्र वाढतच आहेत. अमेरिकेत दर वर्षी दहा लाखांहून अधिक नव्या पत्त्यांची भर पडते. पत्रं घटतात आणि दारं वाढतात, हा टपालाचा खरा पेच आहे.

आता पैसे कुठे वाचतात ते बघू. बटवड्याचे दिवस कमी केले की वाचते ती शेवटच्या टप्प्यातली पायपीट. पोस्टमनची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आधी तो खणांच्या चौकटीसमोर उभा राहून पत्रं घरांच्या क्रमानं लावतो, गठ्ठे बांधतो, थैली भरतो आणि मग आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या फेरीवर, निघतो. एका फाटकातून आत जाऊन पेटीत एक पत्र टाकायला जेवढी पावलं लागतात, तेवढीच चार पत्रं टाकायला लागतात. समजा बीटवर ५०० दारं आहेत. पूर्वी रोज ४०० दारांत काही ना काही द्यायचं असे, आता १५० दारांतच असतं. रस्ता मात्र जवळपास तेवढाच चालावा लागतो, कारण ती १५० दारं एका ओळीत येत नाहीत, सगळ्या गल्ल्यांमध्ये विखुरलेली असतात. हेच टपाल दोन दिवसांचं एकत्र केलं, तर एका फेरीत जास्त दारं भरतात आणि एक फेरी वाचते. बटवड्याचे दिवस कमी करण्यामागचं सगळं गणित एवढंच आहे.

मुदत सैल केल्यावर जे वाचतं ते पोस्टमनच्या थैलीत नसतं. ते रात्रीच्या अंधारात असतं. उद्या सकाळी दुसऱ्या टोकाच्या शहरात पोहोचवायचं पत्र संध्याकाळी गोळा होतं, रात्री यंत्रावर त्याची वर्गवारी होते, मध्यरात्री ते विमानात किंवा मोटारीत चढतं, पहाटे दुसऱ्या केंद्रात पुन्हा त्याची छाननी होते आणि सकाळी ते पोस्टमनच्या हाती येतं. या साखळीतली प्रत्येक कडी महाग आहे: रात्रपाळी, विमान, अर्धवट भरली तरी वेळेवर सोडावी लागणारी गाडी. मुदत एका दिवसानं वाढवा, की वर्गवारी दिवसा करता येते, विमानाऐवजी रस्ता चालतो आणि गाडी भरेपर्यंत थांबवता येते. मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या डॉइच पोस्टनं देशांतर्गत पत्रांची रात्रीची विमानं बंद केली. १९६१ पासून चालत आलेली व्यवस्था होती ती. बटवड्याचा एकही दिवस कमी न करता वाचलेला हा खर्च आहे.

फ्रान्सनंही हीच वाट धरली. दुसऱ्या दिवशी पत्र पोहोचवणारं लाल तिकीट १ जानेवारी २०२३ पासून बंद झालं, हिरव्या तिकिटाची मुदत दोनवरून तीन दिवसांवर गेली आणि पोस्टमन मात्र आठवड्याचे सहा दिवस येत राहिला.

दिवसांच्या बाजूचे देश जास्त आहेत. नेदरलँड्सनं २०१४ साली सोमवारचा नेहमीचा बटवडा सोडला. न्यूझीलंडनं २०१५ पासून शहरी भागात आठवड्यातून तीन दिवसांवर येण्याची मुभा घेतली. नॉर्वे २०२० मध्ये एकाआड एक दिवसावर गेलं. युरोपीय संघाचा १९९७ चा टपाल निर्देश आठवड्यातून किमान पाच कामाचे दिवस बटवडा मागतो, पण अपवादाची वाट त्यातच ठेवलेली आहे.

लोक सर्वांत जास्त फसतात ते बचतीच्या आकड्यात. दिवस निम्मे केले तर खर्चही निम्मा होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. साठलेलं टपाल पुढच्या फेरीत उचलावंच लागतं, थैली जड होते, फेरी लांबते. इमारती, यंत्रं आणि गाड्या जागच्या जागी राहतात. शिवाय सेवा कमी झाली की काही ग्राहक कायमचे निघून जातात, तो तोटा वेगळा. अमेरिकेत शनिवारचा बटवडा बंद करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा टपालसेवेनं वर्षाला ३.१ अब्ज डॉलर वाचतील असं म्हटलं होतं. टपाल नियामक आयोगानं मार्च २०११ मध्ये तेच गणित तपासून १.७ अब्जांचा आकडा दिला, म्हणजे निम्म्याच्या जरासाच वर. फर्स्ट क्लास आणि प्रायॉरिटी टपालातल्या सुमारे चौथ्या हिश्शाला दोन दिवसांचा उशीर होईल, हेही आयोगानं नोंदवलं. तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये टपालप्रमुख पॅट्रिक डोनाहो यांनी ऑगस्टपासून शनिवारी पत्रं बंद, पार्सलं चालू, अशी घोषणा केली. काँग्रेस (अमेरिकेची संसद) सहा दिवसांच्या अटीवर अडून राहिली आणि एप्रिलमध्ये ती घोषणा मागे घ्यावी लागली.

'पत्रं बंद, पार्सलं चालू' या तडजोडीकडे जरा थांबून बघायला हवं. माणूस पार्सल घेऊन त्याच रस्त्यानं जाणारच असेल, तर त्याच्या थैलीत चार पत्रं टाकायला वेगळा खर्च फारसा येत नाही. पार्सलांचा धंदा जसजसा वाढतो, तसतशी बटवड्याचे दिवस कमी करण्यातली बचत आटत जाते. अमेरिकेनं एप्रिल २०२२ च्या टपाल सुधारणा कायद्यात पत्रं आणि पार्सलं एकाच जाळ्यातून, आठवड्यातून किमान सहा दिवस पोहोचवायची असं लिहून टाकलं, त्यामागे हाही विचार आहे. पार्सलांसाठी वेगळी माणसं आणि वेगळ्या गाड्या असतील तिथे मात्र पत्रांचे दिवस कमी करून खरोखर पैसे वाचतात. म्हणून एका देशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशाला लावणं मला चुकीचं वाटतं.

झळ कुणाला बसते, हेही वेगवेगळं आहे. मुदत सैल झाली की ज्याचं पत्र खरंच तातडीचं आहे तो अडकतो: न्यायालयाची नोटीस, रुग्णालयाच्या तपासणीची तारीख, टपालानं पाठवलेलं मत. दिवस कमी झाले की ज्याचा माल ठरावीक वारालाच किमतीचा असतो तो अडकतो. दैनिक टपालानं मागवणारा वाचक याचं सर्वांत ठळक उदाहरण. रोज बटवडा असेल तर कालचा अंक आज वाचता येतो. एकाआड एक दिवस झाला की दोन अंक एकत्र येतात आणि त्यातला एक शिळा असतो. त्याला मुदत तीनच दिवसांची राहिली असं सांगून काय उपयोग?

दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात ते शनिवार-रविवारी. ब्रिटनच्या सेकंड क्लास पत्रांसाठी एकाआड एक दिवस म्हणजे पहिल्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि दुसऱ्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार. म्हणजे पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारनंतर ही पत्रं थेट मंगळवारी येणार, आणि दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारनंतर थेट सोमवारी. मधे पूर्ण तीन दिवस त्यांची नुसती वाट बघायची. कागदावर तीन कामाच्या दिवसांची मुदत मोडलेली नसते, कारण शनिवार-रविवार त्यात धरलेलेच नसतात. पण तपासणीच्या तारखेची वाट बघणाऱ्या माणसाचं काळीज कामाचे आणि सुटीचे दिवस वेगळे मोजत नाही.

आणखी एक गफलत वाटेत येते ती आधी बाजूला काढतो. मुदत म्हणजे दिलेला शब्द, आणि तो पाळला जातो की नाही ही वेगळी गोष्ट. २०२४-२५ मध्ये ब्रिटनची टपालसेवा रॉयल मेल हिची ७७ टक्केच फर्स्ट क्लास (महाग, जलद) पत्रं वेळेत पोहोचली. लक्ष्य होतं ९३ टक्के. ऑफकॉमनं ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यासाठी २.१ कोटी पौंडांचा दंड केला. त्याआधीच्या जुलैमध्ये, दिवसांबाबतच्या त्याच निर्णयात, लक्ष्य ९३ वरून ९० टक्क्यांवर आणलं गेलं होतं. लोकांच्या तक्रारीतला उशीर बहुतेकदा हा असतो: पाळला न गेलेला शब्द. बटवडा कमी केल्यानं आलेला उशीर त्याहून वेगळा. कॅनडात दारातला बटवडा काढून वस्तीच्या सामायिक पेट्या लावण्याचं जे चाललं आहे, तो तर जागेचा प्रश्न आहे, दिवसांचाही नाही आणि मुदतीचाही नाही. आणि डेन्मार्कला या यादीत ओढू नये. तिथे पोस्टनॉर्ड या टपालसेवेनं ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटची पत्रं वाटून चारशे वर्षांचं काम थांबवलं. त्याला कपात म्हणत नाहीत.

माझं मत विचाराल तर, दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली तर मी दिवस कमी करण्याच्या बाजूनं उभा राहीन. बहुतेक घरांत रोज येण्याजोगं टपाल आता उरलेलं नाही. पोस्टमन कोणत्या वारी येणार हे आधीपासून पक्कं माहीत असेल, तर माणूस त्याप्रमाणे आपली कामं लावून घेतो. पण तातडीच्या पत्राला वेगळी, परवडणारी आणि रोज चालणारी वाट हवी. ब्रिटननं फर्स्ट क्लासचे सहा दिवस राखले ते याचसाठी, आणि ते मला योग्य वाटतं.

मुदत सैल करण्याची मला जास्त भीती वाटते, कारण ती दिसत नाही. शनिवारी पोस्टमन आला नाही तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या गल्लीला कळतं. पत्र तीनऐवजी पाच दिवसांनी आलं तर माणूस पाठवणाऱ्यालाच दोष देतो. म्हणूनच दिवसांसाठी लोक भांडले आणि मुदत गुपचूप हलली. अमेरिकेत शनिवार वाचवायला काँग्रेस उभी राहिली, पण फर्स्ट क्लास टपालाची मुदत एक ते तीन दिवसांवरून एक ते पाच दिवसांवर नेण्यासाठी कायद्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. टपालसेवेनं ते स्वतःच ठरवलं. या बदलातून आर्थिक स्थिती फारशी सुधारेल असं दिसत नाही, असं नियामक आयोगानं जुलै २०२१ मध्ये सांगितलं होतं. ते मत सल्ल्यापुरतंच होतं, आणि १ ऑक्टोबरला नवी मुदत लागू झाली. बटवड्याच्या दिवसांइतकीच मुदतही कायद्यात लिहिली जायला हवी, आणि ती बदलायची असेल तर उघड चर्चा करूनच बदलायला हवी.