टर्बो बदलण्याआधी व्हॅक्यूमचे पाइप शोधा

कात्रजच्या चढाला जुनी टर्बो डिझेल गाडी ओढेनाशी होते, काळा धूर सोडते, आणि निदान ठरलेलं असतं: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला. प्रत्यक्षात बऱ्याचदा रबराचा एक बारीक पाइप चिरलेला असतो.

डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, पेट्रोलसारखा भरवशाचा व्हॅक्यूम (हवा ओढणारा कमी दाब) मिळत नाही. ब्रेकला आणि बऱ्याच टर्बोंना तर तो लागतोच, म्हणून वेगळा पंप असतो. कुठे अल्टरनेटरच्या पाठीला, कुठे कॅमशाफ्टच्या टोकाला. शोध पंपापासूनच सुरू करा, तोही इंजिन थंड असताना. जाड पाइप ब्रेक बूस्टरकडे, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे जातो. बारीक फाटा सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे (विजेवर चालणारी झडप), आणि तिथून टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरकडे (टर्बोचा दांडा सरकवणारी डबी). सोलेनॉइडची तिसरी वाट बाहेरच्या हवेला उघडी असते. सोलेनॉइडच्या या तीन वाटांची अदलाबदल झाली की नवीन टर्बोही नीट चालणार नाही, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून नाव लिहा.

पाइप मधे क्वचित फुटतो. चिरतो तो निपलवर (पाइप बसवायच्या छोट्या तोटीवर) चढलेल्या टोकाशी. ते टोक अंगठ्याने वाकवलं की केसासारख्या भेगा उघडतात. पंपातून येणाऱ्या तेलाच्या वाफेने रबर फुगून ढिलंही पडतं.

बदलत्या पात्यांच्या टर्बोत व्हॅक्यूम गळला की बहुतेक गाड्यांत पाती उघडीच राहतात आणि खालच्या आरपीएमला जोर मिळत नाही. साध्या वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) टर्बोत मात्र कॉम्प्रेसरकडून अ‍ॅक्चुएटरला जाणाऱ्या बारीक पाइपात व्हॅक्यूम नसून दाब असतो. तो निसटला तर वेस्टगेट उघडतच नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, बेसुमार चढतो. तिथे क्लिप हवीच.

व्हॅक्यूमच्या अ‍ॅक्चुएटरला गेज असलेल्या हातपंपाने 20 इंच (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूम द्या. दांडा न अडखळता सरकला पाहिजे आणि काटा मिनिटभर टिकला पाहिजे. गाडीच्या पंपाचा व्हॅक्यूम मोजताना लक्षात ठेवा: समुद्रसपाटीला कमाल 29.9 इंच मिळतात, पुण्याच्या साधारण 560 मीटर उंचीवर 28 च्या आसपास. गेज 25 दाखवत असेल तर पंपाला दोष देऊ नका.

नाना पेठेत पाइप घ्यायला जाताना जुना तुकडा सोबत न्या. फिश टँकची नळी लावू नका. गरम झाली की ती आतून चिकटते.

शेवटी ब्रेक तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका.