सेल गेलाय की बॅटरी उतरलीय? गाडी उघडत नाही तेव्हा

चावीचं बटण दाबलं आणि गाडी ढिम्म. इंडिकेटर लुकलुकले नाहीत, लॉक उघडल्याचा तो ओळखीचा 'खट्'ही नाही. अशा वेळी पार्किंगमध्ये जमलेल्यांपैकी निम्मे म्हणतात "बॅटरी उतरली", निम्मे म्हणतात "रिमोटचा सेल गेला". बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात, म्हणून उपचार चुकतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी याच गोंधळात धडधाकट बॅटरी बदलून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच उभी. पैसे गेलेच, पण काकूंची दवाखान्याची वेळही चुकली. मला खरं वाईट वाटलं ते त्याचं.

चावीत असतो बटणाच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल. त्याचं काम गाडीला रेडिओ संदेश पाठवणं, इतकंच. बॉनेटखाली असते १२ व्होल्टची बॅटरी. आलेला संदेश ऐकणं आणि दारातल्या छोट्या मोटारी फिरवून लॉक उघडणं हे तिच्या जोरावर होतं. म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज बसलाय की ऐकणाराच झोपलाय, एवढाच प्रश्न आहे.

तो सोडवायला घरातली दुसरी चावी आणा. तिने गाडी उघडली तर पहिल्या चावीचा सेल संपलाय, विषय मिटला. दुसरी चावी हाताशी नसेल तर काचेला कपाळ टेकवून डॅशबोर्डकडे बघा. बऱ्याच गाड्यांत लॉक असताना एक बारीक लाल दिवा थांबून थांबून लुकलुकतो. तो चालू असेल तर बॅटरीत जीव आहे. मागचे चार दिवसही आठवा. बटण दोनदा दाबावं लागत होतं, अगदी जवळ गेल्याशिवाय गाडी उघडत नव्हती, तर सेल. सकाळी स्टार्टर रडतखडत फिरत होता, हेडलाइट पिवळट पडत होते, तर बॅटरी.

आत शिरण्याचा रस्ता मात्र दोन्हींत एकच आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीतही लोखंडी पातं दडलेलं असतं. कडेची छोटी खिट्टी सरकवली की ते ओढून बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराला कीहोल दिसत नसेल तर हँडलच्या टोकाची प्लास्टिकची टोपी बघा. तिच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपलं की एक बारीक फट लागते. तिथे पात्याचं टोक घालून हलकेच उचकटलं की टोपी निघते आणि आत कीहोल असतं. काही गाड्यांत टोपी काढताना हँडल ओढून धरावं लागतं.

पातं फिरवून दार उघडताच कान द्या. हॉर्न बोंबलायला लागला तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. बॅटरी ठणठणीत आहे आणि गाडीला कोणीतरी परका शिरल्यासारखं वाटतंय. हॉर्न नाही, आतला दिवाही नाही, तर बॅटरी गेली.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात. सेल संपला असेल तर ब्रेक दाबा (गिअरच्या गाडीत क्लच) आणि चावीच स्टार्ट बटणाला टेकवून धरा. चावीतल्या ओळखीच्या चिपला सेल लागत नाही. गाडी जवळून जी ऊर्जा सोडते तिच्यावरच ती उत्तर देते, इंजिन सुरू होतं आणि हॉर्नही गप्प बसतो. काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत आधीच बघून ठेवा. नवा सेल घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाडीचा, म्हणून तो सैल बसतो.

बॅटरी उतरली असेल तर चावी कुठेही टेकवून उपयोग नाही. बॉनेटची खिट्टी डॅशबोर्डखाली असते आणि ती तारेने चालते, तिला वीज लागत नाही. डिकीचं लॉक मात्र बऱ्याच गाड्यांत विजेवर असतं, तेव्हा जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून वीज घ्यायची चिमट्यांची जाड वायर) डिकीत ठेवली असेल तर मागची सीट पाडून आतून हात घाला. केबल जोडताना लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. काढताना क्रम उलटा. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काही होत नाही. गिअरची गाडीही बॅटरी पार मेलेली असेल तर धक्क्याने सुरू होत नाही, कारण पेट्रोलच्या पंपालाही वीज लागते.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा इथेच गैरसमज होतो. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली दिसत होती, मग दार का उघडेना? कारण दारं, दिवे, कंप्युटर हे सगळं तिथेही सहसा वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं.

गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी थोडी थोडी उतरत असते. अलार्म, घड्याळ, चावीची वाट बघणारा रिसीव्हर यांना मिळून समजा ५० मिलिअँपिअर लागतात, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. दोन आठवड्यांत ती निम्म्यावर येते आणि जुनी असेल तर तिथेच मान टाकते. गणपतीला गावी जाऊन आल्यावर इतक्या गाड्या का अडतात, ते यातून कळेल.

दाराच्या फटीतून पट्टी किंवा तार घालू देऊ नका. दारात वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही. पण बंद गाडीत मूल अडकलं असेल तर यातलं काहीच आठवत बसू नका. उन्हात गाडी काही मिनिटांत तापते. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा.

आणखी एक. वर्षानुवर्षं न वापरलेलं कीहोल धुळीने, कोकणात तर खाऱ्या हवेने, आतून धरतं. महिन्यातून एकदा गाडी पात्यानेच उघडा, अधूनमधून ग्राफाइटची पूड सोडा. घरात जे जे गाडी चालवतात त्यांच्याकडून टोपी एकदा काढून घ्या. माझ्या आईने पहिल्यांदा काढली तेव्हा तिचं नख मोडलं. आता पर्समध्ये ठेवलेल्या चावीने ती अंधारातही दार उघडते.