डिजिटल माध्यमांतून पर्यावरणशिक्षण

आठवी ते दहावीच्या मुलांनी मोबाइलचा कॅमेरा, आवाजाचे मुद्रण आणि नकाशा वापरून परिसरातल्या नदीची, ओढ्याची किंवा माळाची नोंद ठेवायची आणि ती ठेवता ठेवता त्याची राखण शिकायची, अशी ही अध्यापनपद्धती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्यास सांगितले. तरी पुष्कळ ठिकाणी तो चिकटवहीतच अडकला, ही खेदाची गोष्ट आहे.

या कामात सर्वांत मोलाचे आहे ते त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणे. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल (1929) त्यासाठी उत्तम. पावसाळ्यात ‘आयर्विनला पाणी किती?’ हा प्रश्न इथे घरोघरी विचारला जातो. धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. पूल आणि घाट एकाच चौकटीत धरून जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला एक फोटो काढावा. पूर चढत असताना मात्र मुलांना काठावर मुळीच नेऊ नये. त्या दिवसांचे आकडे वर्तमानपत्रातून घ्यावेत. पाणी ओसरले की काठच्या झाडांत प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबताना दिसतात. पिशवी जिथे अडकली तिथवर नदी आली होती, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या फोटोला 2005 चा पूर पाहिलेल्या आजीच्या आठवणींचा आवाज जोडावा.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर (2012 पासून जागतिक वारसा) धडा वेगळा. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे जवळून फोटो मिळावा म्हणून वाटेबाहेर टाकलेले पाऊल रोपे चिरडते. फोटो सोडून देणे हेही मुलांना इथेच शिकवावे लागते. शास्त्रीय नावातच सातारा असलेली वायतुरा ही दुर्मीळ वनस्पती (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) सापडली, तर नेमकी जागा जाहीर करू नये. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचे ठिकाण आपोआप धूसर होते; आपण स्वतः रीलवर जागेचे नाव लिहिले, तर ते सर्वांना कळते.

पाच जणांत एक मोबाइल पुरतो. दहावीच्या मुलांनी शाळा सोडताना सगळे फोटो तारखेनुसार लावून नववीकडे द्यावेत, आणि उभे राहायची जागा दाखवायला एकदा त्यांच्यासोबत नदीवर जावे.