कृती, बैठक आणि फेरविचार: खान्देशातील लोकविकासाची पार्श्वभूमी

आपल्या प्रश्नावर लोकांनी स्वतः कृती करायची, तिचे काय झाले याचा एकत्र बसून विचार करायचा आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवायचे, या पद्धतीला अभ्यासविश्वात स्थान मिळाले ते मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये केलेल्या कृतिसंशोधनाच्या मांडणीमुळे आणि पुढे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या प्रौढशिक्षणाच्या विचारामुळे. खान्देशात ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे.

पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरील सामुदायिक सिंचनाच्या पद्धतीत, बंधाऱ्याखालची जमीन साधारणपणे चार फडांत (मोठ्या तुकड्यांत) विभागलेली असे व एका फडात एकच पीक घेतले जाई. नदीला त्या वर्षी पाणी किती आहे हे पाहून कोणत्या फडाला किती पाणी द्यायचे, हे शेतकरीच बैठकीत ठरवीत आणि पाटकरी (पाणी सोडणारा) व जागल्या (राखणदार) त्याची अंमलबजावणी करीत. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि फड आकसत गेले.

या रीतीला हक्कांच्या लढ्याचे रूप आले ते शहाद्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या सुपीक पट्ट्यातील भिल्लांच्या जमिनी कर्ज आणि गहाणखतांच्या वाटेने हातून गेल्या होत्या व अनेक जण मोठ्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती यांनी या समाजाला संघटित केले. जानेवारी 1972 मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली आणि त्याच वर्षी, दुष्काळाच्या छायेत, शहरांतून आलेल्या तरुणांच्या साथीने श्रमिक संघटना उभी राहिली. मोर्चे आणि संप यांच्याइतकेच महत्त्व तेथे शिबिरांना होते, आणि माझ्या मते या चळवळीची खरी ताकद तीच होती. मजुरी आणि जमीन यांपासून सुरू झालेल्या या कामात दारू आणि मारहाण हे प्रश्न स्त्रियांनीच शिबिरांत पुढे आणले व 1973 च्या सुमारास गावोगावच्या दारूच्या भट्ट्या त्यांनी स्वतः फोडल्या. ज्यांनी सोसले त्यांनाच बोलण्याची जागा मिळाली, म्हणून चळवळीची दिशा बदलू शकली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा राज्याचा कायदा याच अस्वस्थ काळातला आहे.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने 1990 च्या दशकात, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, उजाड झालेले जंगल राखायला घेतले. झाडतोडीचे नियम आणि दंड गावाने स्वतः ठरवले; जंगल वाढले, तसे विहिरींचे पाणीही टिकू लागले. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनहक्क कायदा, 2006 मुळे अशा व्यवस्थापनाला कायद्याचा आधार मिळाला आणि वनहक्काच्या दाव्यांच्या पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांच्या जबाबालाही स्थान मिळाले. सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा आराखडा आता ग्रामसभेने करायचा आहे, आणि तो बाहेरून तयार होऊन केवळ ठरावापुरता गावात येऊ नये, यासाठी शिवारफेरी (गावकऱ्यांनी शिवार फिरून केलेली पाहणी) व त्यानंतरची बैठक या दोहोंना पुरेसा वेळ मिळणे आवश्यक आहे.