बायबलकथा आणि मिथक : ख्रिस्ती भेदविचार

बायबलमधील कथा आणि मिथक (दैवतकथा, पुराणकथा) यांत ख्रिस्ती परंपरा जो फरक करते, त्याची ही नोंद. ‘आमची कथा खरी, इतरांची खोटी’ एवढ्यावर तो फरक संपत नाही. बायबल हा अनेक शतकांत रचल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. वंशावळी, कायदेकानू, राजांच्या बखरी, शोकगीते, म्हणी, पत्रे आणि दाखले असे सगळे त्यात एका बांधणीत आले आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट प्रत्यक्ष घडली का, असे कोणी विचारत नाही. ती येशूने सांगितलेला दाखला आहे, हे सर्वांना मान्य असते. खरा वाद एदेन बाग, नोहाचा जलप्रलय, माशाच्या पोटातला योना आणि येशूचे पुनरुत्थान यांच्याभोवती फिरतो, आणि या चारही कथांना ख्रिस्ती लोक एकच माप लावत नाहीत.

‘मिथक’ या अर्थाचा ‘मूथोस’ हा ग्रीक शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, पाच ठिकाणी येतो : चार वेळा तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत, एकदा पेत्राच्या दुसऱ्या पत्रात. पाचही वेळा तो हेटाळणीनेच आला आहे. एके ठिकाणी तर म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी असाच सूर आहे. पेत्राच्या पत्रात या कल्पित कथांच्या समोर ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले’ ही साक्ष ठेवली आहे. पुढच्या ख्रिस्ती युक्तिवादाचा कणा हाच : मिथकाला साक्षीदार नसतो आणि त्याला तारीखही नसते.

लूकचे शुभवर्तमान योहान बाप्तिस्मा करणाऱ्याची गोष्ट सुरू करताना तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष नोंदवते आणि त्या वेळी यहूदियात सुभेदार कोण, गालीलात मांडलिक कोण, हेही सांगते. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या विश्वासांगीकारात (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत) मरिया सोडली तर येशूशिवाय एकाच माणसाचे नाव आहे, पंतय पिलात. म्हणजे आजही असंख्य चर्चमध्ये उपासनेत एका दुय्यम रोमन अधिकाऱ्याचे नाव उच्चारले जाते. त्याचे पुण्य म्हणून नव्हे, तर कालखूण म्हणून. हा पिलात कल्पित नव्हता, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या उल्लेखावरून ठाऊक होतेच. १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात त्याचे नाव व हुद्दा कोरलेला दगडही सापडला. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित येशू पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे म्हटले आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असेही तो तिथेच बजावतो. हर्क्युलिसने बारा पराक्रम केलेच नाहीत असे सिद्ध झाले, तरी ग्रीकांच्या पूजेअर्चेत फारसे काही बिघडले नसते. पौलाने मात्र परतीची वाट स्वतःच बंद केली. अर्थात दगडावरून पिलात सिद्ध होतो, रिकामी कबर नव्हे. वधस्तंभाची घटना इतिहासकार सहसा मान्य करतात, पुनरुत्थान मात्र श्रद्धेच्याच हद्दीत राहते. ख्रिस्ती प्रवचनांत ही सीमा अनेकदा पुसट होते.

जुन्या कराराच्या आरंभीच्या कथांना हे साक्षीदारांचे माप लावता येत नाही. सृष्टी घडताना साक्षीदार कोण असणार? तिथे मग दुसरा युक्तिवाद येतो : कथेचा साचा शेजाऱ्यांसारखा असला तरी देव वेगळा आहे. बॅबिलोनच्या सृष्टिकथेत मार्दुक हा देव तियामत या सागरदेवतेला मारून तिच्या चिरलेल्या देहातून आकाश व पृथ्वी घडवतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ना युद्ध आहे ना शत्रू. देव बोलतो आणि ते होते. सूर्यचंद्रांची तर नावेही येत नाहीत, ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच. शेजारच्या राष्ट्रांत सूर्य आणि चंद्र हे देव होते. इथे ते दिवे झाले. मिथकाच्या अंगणात बसून केलेली मिथकाची मोडतोड असे या अध्यायाचे वाचन अनेक ख्रिस्ती अभ्यासक करतात, आणि ते बरेचसे पटण्यासारखे आहे. पण मोडतोड सगळीकडे पुरी झालेली नाही. ७४ व्या स्तोत्रात देव लिव्याथान या सागरी राक्षसाची मस्तके ठेचतो. १९२९ पासून सीरियातील रास शामरा येथे सापडत गेलेल्या उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या विटांवर लोतान नावाचा सात डोक्यांचा सर्प आहे. तो लिव्याथानाचा सख्खा भाऊबंद होय.

असली तुलना ख्रिस्ती जगाला खरी टोचली ती ३ डिसेंबर १८७२ रोजी. त्या दिवशी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने गिल्गामेशच्या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्यातील जलप्रलयाची वीट वाचून दाखवली. तिच्यात नौका होती, पूर ओसरला का हे पाहण्यासाठी सोडलेले पक्षी होते आणि शेवटी होमही होता. फरकही लगेच दाखवले गेले : तिथले भुकेले देव होमाभोवती माश्यांसारखे गोळा होतात, नोहाच्या कथेत एकच देव आहे आणि पूर येण्याचे कारण माणसांचा दुष्टपणा आहे.

शेजाऱ्यांशी साम्य असणे ही अडचण नवी नव्हती. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोमनांना म्हणतो, की कुमारीच्या पोटी जन्म, मृत्यू आणि स्वर्गारोहण या गोष्टी तुम्हीही झ्यूसच्या पुत्रांविषयी सांगता, मग आमच्यावरच राग का? साम्याचा उलगडा मात्र तो सैतानी शक्तींनी भविष्यवाण्या ऐकून आधीच केलेली नक्कल असा करतो. आजचा वाचक इथे थबकतो. पुढच्या शतकातला ख्रिस्ती पंडित ऑरिजेन जास्त चतुर. सेल्सस या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने आधी हव्वेच्या निर्मितीची टर उडवली होती. तिला उत्तर देताना इ.स. २४८ च्या सुमारास ऑरिजेनने विचारले, की ग्रीक कवी हेसिअडची पँडोरा, म्हणजे देवांनी घडवलेली पहिली स्त्री, तुम्ही रूपक म्हणून वाचता, तर आमच्या कथेला तीच सवलत का नाही? देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली, सूर्याविना पहिले तीन दिवस झाले, हे शब्दशः मानणारा इतका भोळा कोण, असेही त्याने लिहून ठेवले. बायबलचा रूपकार्थ ही आधुनिक विज्ञानाला घाबरून काढलेली पळवाट आहे, असा समज आपल्याकडेही दिसतो. ऑरिजेन डार्विनच्या सोळाशे वर्षे आधीचा.

१८३५ मध्ये डाव्हिड श्ट्राउस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने ‘मिथक’ हा शब्द थेट येशूच्या चरित्राला लावला आणि ट्युबिंगेनमधली नोकरी गमावली. १९४१ मध्ये जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ बुल्टमानने मांडले, की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने नव्या करारातले भुताखेतांचे व चमत्कारांचे जग जसेच्या तसे मानावे ही अपेक्षा गैर आहे. मिथकाचे कवच फोडून आतले आवाहन ऐकावे. स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने सृष्टिकथेसाठी ‘मिथक’ नाकारून ‘सागा’ हा शब्द घेतला. तो आपल्या ‘आख्याना’च्या जवळचा आहे. इंग्रजी लेखक सी. एस. लुईसची वाट सर्वांहून निराळी. सप्टेंबर १९३१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये टोल्किन व ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या बोलण्यातून त्याला पटले, की मरून उठणाऱ्या देवाची मिथके खोटी ठरवण्याची गरजच नाही; ख्रिस्तात तेच मिथक एकदा इतिहासात उतरले. म्हणजे साम्य हा आक्षेप न राहता पुरावाच झाला. युक्तिवाद देखणा आहे, पण आधी श्रद्धा असल्याशिवाय तो चालत नाही.

चर्चच्या अधिकृत भूमिका याहून सावध आहेत. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्ये बायबलचे वाङ्मयप्रकार ओळखून वाचन करण्यास मुभा दिली. १९५० मध्ये त्यांनी बजावले, की पवित्र लेखकांनी लोककथांतून काही घेतले असले तरी त्याला इतरांच्या मिथकांच्या पंगतीत बसवू नये. अमेरिकी इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द अंतिम मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) पुढाऱ्यांच्या १९७८ च्या शिकागो निवेदनाने सृष्टी व जलप्रलय यांबाबत तडजोड नाकारली. केंटकीत २०१६ मध्ये ५१० फूट लांबीचे नोहाचे तारू तिकीट लावून खुले झाले, ते याच वळणाचे.

मराठीत हा प्रश्न शब्दापासूनच सुरू होतो. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापलेले ओवीबद्ध काव्य ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून ओळखले जाते. जुनी पुराणे बंद झालेल्या साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या ओळखीच्या साच्यात बायबल द्यायचे, हा त्याचा हेतू. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो. ‘पुराण’ या शब्दाला तेव्हा भाकडकथेचा वास नव्हता. तो वास एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वादांनी चढवला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन पुराणांतल्या देवांच्या गोष्टींवर तुटून पडला. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिले, त्यावर विल्सनचे प्रत्युत्तर १८३२ मध्ये आले. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद मुंबईच्या समुद्रकिनारी झाले. आपल्या कथेला रूपक म्हणायचे आणि दुसऱ्याची शब्दशः वाचायची, हा सेल्ससच्या काळचा डाव अशा वादांत दोन्ही बाजूंना मोह घालतो. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या ख्रिस्तचरित्राला ‘ख्रिस्तायन’ हे रामायणाच्या वळणाचे नाव दिले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पुढचे काम लक्ष्मीबाईंनी केले.